पुरे

पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायला बसायचं नाही,
म्हणून भाचा खिडकीला नाक लावून उभा
आणि मी न्हाणीघरात, आईच्या गंजक्या काट्यावर,
बूट काढून, घड्याळ काढून,
श्वासही थोडा बाहेर ठेवून.
एक्क्याण्णव.
जूनमध्ये अठ्ठ्याण्णव होतो.
शेजारी टब रिकामा. कालपर्यंत त्यात कार्प पोहत होता,
आज तळून ताटात गेला.
त्यालाही कुणीतरी तोलूनच घेतलं असणार.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "विटोल्ड, नाताळ सांभाळा."
सांभाळतो म्हटलं.
ल्युब्लिनपासून प्शेमिशलपर्यंत आगगाडीत तेच घोकत आलो:
आधी कोबी, मग मासा, पावाला हात नाही,
घास गिळल्यावर काटा खाली ठेवायचा,
वीसपर्यंत मोजायचं.

टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली मूठभर गवत,
वर बारा पदार्थ. बाराही चाखायचे.
जो चुकेल, त्या महिन्याचं सुख चुकेल
असं आई म्हणते, आईची आई म्हणायची,
बटाटा आणि बीट एवढंच घरात होतं
त्या वर्षीही बारापर्यंत मोजून म्हणायची.

एक ताट जास्तीचं, वाट चुकून येणाऱ्या पाहुण्याचं.
त्यात कुणी काही वाढत नाही.
मला त्या ताटाचा हेवा वाटतो.

पापडाहून पातळ पोळी मोडून आई प्रत्येकाला काही ना काही मागते:
यागोदाला बाळ, झेनेकला नोकरी,
मावशीच्या गुडघ्यांना एक सोपा हिवाळा.
माझ्यापाशी येऊन एवढंच,
"खात जा रे."

बिटाच्या लाल साराचे मी सहा चमचे घेतले.
हेरिंगचा तुकडा नखाएवढा.
अळंबीची पुरचुंडी एक, तिचेही दोन भाग.
काटा खाली. एक, दोन, तीन...
अकरावर मावशीने पुन्हा वाढलं.
"एवढ्याने काय होतंय?" (होतं, मावशी. एवढ्यानेच होतं.)
झेनेक म्हणाला, "साहेब लग्नाला उभे राहतायत!"
सगळे हसले, मीही हसलो,
हसताना मोजणी चुकली
आणि खसखशीच्या वडीचा एक घास सरळ आत गेला.
काय चव होती, देवा.

मग आईने हाक मारली, "कढई उतरव, मला जड होते."
मी उठलो, हात वर केले, स्वेटर वर सरकला,
आणि तिला पट्टा दिसला.

पट्टा बाबांचा. तीन भोकं दुकानातली,
चौथं आणि पाचवं खिळ्याने पाडलेली,
याच स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून,
त्यांच्या शेवटच्या थंडीत. आतल्या बाजूला.
मी आज पाचव्यात अडकवला होता,
सकाळपासून मिरवत होतो.

आईचा डाव कढईवर तसाच थांबला.
ती पट्ट्याशीच बोलल्यासारखं बोलली,
"ते पण म्हणायचे. पुरे, गेन्या, पुरे."

माझा साखरेचा आकडा मी तिला कसा समजावणार होतो?
दोन माणसं एकाच दाराने बारीक होतात,
एक घरात येतो, एक घराबाहेर जातो,
आणि दारात उभी असलेली बाई
पाठीवरून ओळखणार कशी.

मी स्वेटर खाली ओढला.
बसलो. म्हटलं, "कोबीची एक दे."
तिने तीन वाढल्या. मी दीड खाल्ली,
सावकाश, तिच्याकडे बघत, न मोजता.
उरलेली दीड तिने माझ्या ताटातून उचलली
आणि काही न बोलता स्वतः खाल्ली.

मध्यरात्रीच्या प्रार्थनेला बाकीचे गाडीने गेले.
आम्ही दोघं चालत, सान नदीच्या पुलावरून,
बर्फ बुटाखाली करकरत होता.
पिशवीत माझ्यासाठी बांधलेलं काहीतरी,
किती, ते मी विचारलं नाही.
पुलाच्या मध्यावर तिने माझा दंड धरला,
कोटावरून दाबून पाहिला,
पाव ताजा आहे का पाहतात तसा.
एकदा. पुन्हा एकदा.
मग देवळापर्यंत सोडला नाही.