मुंग्या

जानेवारीत थंडर बेला मुंगी दिसत नाही.
सरोवर काठापासून गोठलेलं,
अंगणात कमरेइतका बर्फ.
माझ्याच पायांत तेवढं वारूळ.

साखर सोडली तेव्हा वाटलं होतं
मुंग्यांचा आणि माझा संबंध संपला.
पोट कापून अंड्याएवढं ठेवलं,
एकसष्ट किलो गेले.
चर्चमध्ये मिसेस लाम्पिनेन म्हणाल्या, "इर्या, ओळखलंच नाही!"
मीही नाही ओळखलं
रात्री तीनला चादर नुसती टेकली
तरी किंचाळणाऱ्या त्या अंगठ्याला.

उलट्यांच्या महिन्यात गोळ्या राहून गेल्या.
डॉक्टर ओसेईने टाचेवर टाचणी धरली.
मी छताकडे बघत म्हटलं, "टोचा की."
टोचून झालं होतं.
"नसा उपाशी आहेत," तो म्हणाला.
म्हणजे भूक गेली नव्हती,
खोलवर राहायला गेली होती.

चौदा वर्षं सत्तावीस नंबरची पिवळी स्कूलबस.
परवा उतारावर
ब्रेकवर पाय आहे का, हे वाकून बघावं लागलं.
मागे अकरा पोरं गात होती.
किल्ल्या मीच टेबलावर ठेवल्या,
कुणी मागायच्या आधी.

आता दर सोमवारी सुई.
बरं होईल म्हणतात, किती ते सांगत नाहीत.
शनिवारी सौनात तौनो
बादलीत आधी आपलं कोपर बुडवतो,
बाळाच्या अंघोळीआधी बुडवतात तसं,
मग माझी पावलं उचलून आत ठेवतो.
"गरम आहे?"
"तूच सांग," मी म्हणते.