मागचा बोल्ट

फार्गोच्या मॅनिफोल्डला, अगदी मागे,
एक बोल्ट आहे जो दिसत नाही.
दाढीचा आरसा धरला तर दिसतो,
पण आरशात उजव्याचं डावं होतं
आणि सैल करायला गेलेला हात कसायला लागतो.

इंजिन आणि केबिनचा पत्रा यांच्यामधली जागा अशी
की मनगट जातं तर पाना जात नाही,
पाना गेला तर मनगट बाहेर.
तीन दिवस आम्ही तिघं
एकमेकांची वाट अडवून उभे.

पंधराचा रिंग पाना बसल्यासारखा वाटतो.
या 'वाटतो'नंच बोल्टचे कोपरे जातात.
गाडी सुताच्या हिशेबातली, साडेचार सूत,
मिलिमीटर तिच्यासमोर कालची पोरं.

शेवटी सियागंजात गेले, हकीमुद्दीनभाईंकडे.
त्यांनी माप विचारलंच नाही.
म्हणाले, बोल्ट कुठंय ते हातानं दाखव, बेटा.

मग भर रस्त्यात, हातगाडीशेजारी,
मी रेडिएटरवरून कोपर टाकलं,
मनगट डावीकडे मुरडलं, दोन बोटं खाली सोडली.
चहा घेऊन आलेला पोरगा
माझ्या नसलेल्या ट्रकला वळसा घालून गेला.

त्यांनी रद्दी पसरली, वर एकेक मांडत गेले.
कावळ्याच्या पायासारखा, नुसतं डोकं, दांडा नाही:
"याला मागून सरळ रस्ता लागतो, तुझ्याकडे वळण आहे."
चंद्रकोरीसारखा:
"पाइप चुकवेल, पण पत्र्याला अडेल."
गोटी आणि तिला दोन सांधे:
"दोनदा वळलेला जोर पोचेपर्यंत अर्धा."
मान हलणारं रॅचेट मीच उचललं, चकचकीत,
गॅरेजच्या महिन्याच्या भाड्याएवढं.
त्यांनी ते माझ्या हातातून काढून परत डब्यात ठेवलं.

मग खालच्या खणातून जालंधरचा साधा रिंग पाना.
"दोन घे. एक तापव, वाकव.
दुसरा आधी कसा होता ते बघायला ठेव."

पिकल्या तोंडल्याच्या रंगावर आला तेव्हा वाकवला.
पुन्हा तापवला, पुन्हा थोडा.
दांडा चार बोटं कापला.
कड्याची भिंत घासत गेले, घासत गेले,
आणखी एक हात मारला असता तर फुटला असता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बसला.
तो टक् कानाला येत नाही, कोपराला येतो.
बंपरवर पाय रोवला, श्वास धरला,
तीन दिवसांचा राग दांड्यावर टाकला,
आणि बोल्ट फिरला
कुणी न लावलेल्या बरणीच्या झाकणासारखा.

बोटानं लावलेला होता. नुसत्या बोटानं.

पत्र्यावर लोंढे उस्तादांचा पिवळा ऑइलपेंट:
'ओके', शेवटी शेपटीसकट. सन चौऱ्याण्णव.
"माझ्या तेराव्यापर्यंत उघडायला लागणार नाही," म्हणाले होते,
आणि ते खरं केलं त्यांनी.
चढावर गाडी फुसफुसायची,
त्याला ते गाडीचा स्वभाव म्हणायचे.
म्हणजे उस्तादांचीही इथवर दोनच बोटं पोचली होती.

बॉनेटमध्ये डोकं घालून मी एकटीच हसले,
हसू पत्र्यावर आपटून परत आलं.
मग नवं गॅस्केट, आणि बोल्ट कसला
एका वेळी पाव फेऱ्याचा निम्मा,
काढ, उलटा कर, घाल, पुन्हा.
दिवा लावायची वेळ झाली.

वाकडा पाना त्यांच्या पान्यांशेजारी खिळ्याला टांगला.
दुर्गेशनं विचारलं, हा किती नंबरचा?
म्हटलं, याला नंबर नाही. पत्ता आहे.

पत्र्यावरच्या ओकेखाली मी काही लिहिलं नाही.
पुसलंही नाही.