ओ

चूक बोलावून येत नाही, हीच तिची खोड.
रान्वा टक लावून बसली की सगळं सुरळीत.
तोर्शहाव्हनच्या कचेरीबाहेर धुकं,
पडद्यावर हिरव्या ओळी, पाहुण्यांसमोरच्या मुलांसारख्या.
कॉफी ओतायला वळली, की लाल:
डेटाबेसशी संपर्क तुटला.

दोन आठवडे लॉग उपसले.
केबल बदलली. सर्व्हरला शिव्या दिल्या.
तायतुर म्हणाला, "पकड, गिळून टाक, घरी जा."
तिला गिळवेना.

मग वेळा मांडल्या एकाखाली एक.
सोमवार, पाच वाजून दोन.
बुधवार, पाच वाजून दोन.
शुक्रवार, पाच वाजून चार (बर्फ होता).
बाकीच्या विखुरलेल्या, पण या तिन्हींवर तेच नाव:
ह्यालग्रिम, फुग्लोय बेट,
पहिल्या बोटीचं एक तिकीट, सोबत टपालाची थैली.

तिने फोन लावला.
"पहिल्यांदा नाहीच म्हणतं ते," म्हातारा म्हणाला.
"मी मेंढ्या बघून येतो. परत दाबतो. मिळतं.
यंत्रालाही जाग यायला वेळ लागत असेल."
चार वर्षं. एक तक्रार नाही.

तेव्हा कुठे उजाडलं.
रात्रभर त्या तारेवर कोणी बोलत नाही,
मधली फायरवॉल ती मुकाट कापते
आणि कोणाला कळवत नाही.
इकडे पूलमध्ये दहा जोडण्या
जिवंत म्हणून टांगलेल्या.
कानाला लावेपर्यंत
मेलेली तार मेलेली वाटत नाही.

मंगळवारी तिने लिहिलं, थोडंसंच:
वापरण्याआधी हाक मार.
ओ आली तर पुढे जा.
नाही आली तर ती टाक, नवी घे.
तरीही नाही? थांब एक सेकंद, मग दोन, मग चार,
आणि थोडं मागेपुढे,
सगळ्यांनी एकाच क्षणी दार बडवू नये म्हणून.
पाच वेळा. मग मात्र माणसाला खरं सांग.
आणि हो, प्रत्येक मागणीवर एक खूण,
अर्धवट ऐकलेलं पुन्हा सांगताना
एकाच थैलीला दोन जागा मिळू नयेत.

लिहून झाल्यावर वाचलं.
मेंढ्या सोडल्या तर
सगळं त्याचंच होतं.

बुधवारी, पाच वाजून दोन. हिरवी ओळ.
दुपारी फोन वाजला.
"आज लगेच मिळालं," ह्यालग्रिम म्हणाला, जरा काळजीत.
"काही बिघडलंय का?
मेंढ्या बघायच्या राहिल्या माझ्या."