तिखट किती

चाळीस सालं झाली, भाऊसाहेबाच्या चुलीपाशी आहो मी.
कोणाले काय लागते, तोंडपाठ हाय.
थोरल्याले पोळी कडक, पण करपेल नाही.
धाकट्याचा चहा दोनदा उकळेल, साय नको.
मोठ्या सुनबाईले वांग्यात सांभार चालते, जिरं नाही.
पाहुणा दारात चप्पल काढते
तवाच समजते मले, हा भात मागंन का भाकर.
डोळे पाह्याची सवयच लागली,
जशी बकरीले कुंपणाची भोकं पाह्याची लागते.

भाऊसाहेबाले तर्री लागे. लालजर्द.
कपाळाले घाम फुटला का म्हणत, जमलं.
वाढणाऱ्याकडं पाहून ते कधी जेवलेच नाही.
ताट येई, ताट जाई.

मागच्या पोळ्याले लकव्यानं उजवा हात गेला.
सातबारा पोरायच्या नावानं झाला,
खाट वरांड्यात आली,
रिमोट नातवाकडं.
तवापासून भाऊसाहेब तोंडं पाह्याले लागले.
सून आली का पाय आखडून घेतेत.
चहा पाह्यजे असंन तर आधी खोकतेत,
मंग म्हणतेत, "कोणासाठी ठेवून राह्यले असान तर..."
मले हसू आलं एकडाव.
मंग नाही आलं.
हे सारं मी याच घरात शिकली होती,
बारा वर्साची, शेणाचं टोपलं डोक्यावर.

काल म्हणाले,
"पंचफुला, तुले तिखट किती लागते वो?"
हातात पातेलं तसंच राह्यलं.
जिभेवर आलंच होतं, तुम्ही म्हणसान तेवढं.
पण बोलून गेली, "मले नाही सोसत, भाऊसाहेब.
पह्यलेपासून आग होते पोटात."
ते गप.
पंख्याच्या पात्यावर चिमणी येऊन बसली, उडाली.
"मंग चाळीस सालं?"
"उरेल ताक पीत होती."

घरी आली. प्रणाली अंबाडी निसत होती.
दोन सालं झाली पोरीच्या लग्नाले,
माह्याच मापानं तिखट घालते, चिमूटभर.
तिच्यापाशी बसली.
"तुह्या मायकडं कसं खात वो, झणझणीत का सादं?"
तिनं देठ खुडता खुडता माह्या तोंडाकडं पाह्यलं,
उत्तर तिथंच लिहेल असल्यासारखं.
"तुम्ही म्हणसान तसं, आई."

मी काही म्हणलं नाही.
तिखटाचा डबा तिच्याकडं सरकवला
अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसली.
पाहत बसली असती तर
माहंच माप घातलं असतं तिनं.

जराशानं आतून ठसका आला.
डोळ्याले पाणी.
घरात ताक हाय का, पाह्या लागंन.