फुली

दोंडाईच्यात मिरचीचा सीझन चालू आहे,
म्हणजे सर्व्हरचा पंखासुद्धा लाल.
आडतीच्या माडीवर पतसंस्था, पतसंस्थेच्या कोपऱ्यात
काचेच्या कपाटात तो बसलेला,
दोन हजार तीन सालचा.
बदला म्हणून मी चार वर्षं लिहून देते,
चेअरमन चार वर्षं चहा देतात.

नरडाण्याहून फोन: ताई, आत घेत नाही.
शिंदखेड्याहून फोन: ताई, मर्यादा संपली म्हणतो.
मर्यादा दोनच आहे हो, पहिल्यापासून.
बाजेवर दोघं बसले की तिसऱ्यानं उभं राहायचं.
पण आज बाजेवर तर कुणीच दिसत नाही.

नाकाला ओढणी बांधून कीबोर्ड पुसला.
काळ्या खिडकीत विचारलं, आत कोण कोण आहे?
उत्तर दोन ओळींचं:
धुळ्याचे ऑडिटर. तुटलेले. सहा दिवस.
भटू देसले. तुटलेले. एकोणीस दिवस.

तुटलेले म्हणजे गेलेले नव्हेत.
हे मला दर शाखेत, दर वर्षी, नव्यानं सांगावं लागतं.
कोपऱ्यातली फुली दाबली की तुमच्याकडची खिडकी मिटते.
इकडे तुमची जागा तुमच्याच नावानं राहते,
एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखी.

ऑडिटरना मी फोनही केला नाही.
रीसेट.
नरडाणा आत गेलं, फोनवर हुश्श ऐकू आलं.

भटू नानांवरही बोट नेलं होतं.
एकतीस मार्चला रिटायर, शाल, नारळ,
भिंतीवरच्या फोटोत अजून टेबलाशीच.
सहज बघितलं, आत काय चालू आहे त्यांचं.
एक नोटपॅड.
बाकी काही नाही.
एकोणीस दिवस एक नोटपॅड, इन्व्हर्टरच्या जिवावर.

नवापूरला आंडेरकडे होते ते.
"कोन बोली राह्यनं?"
नाना, तुम्ही लॉग ऑफ केलं नाही.
"मी तं रोज फुली मारू आन् घर जाऊ. सतरा वरीस."
मग थोडं थांबून,
"त्यामा एक चिठ्ठी उघडी शे. ती पुसू नको, माय."
पासवर्ड सांगताना आवाज खाली गेला.
बैलाचं नाव होतं, पुढे आकडा.
बैल कधीच विकला, म्हणाले, आकडा तेवढा वाढत गेला.

त्यांच्या नावानं आत शिरले.
नवी जागा लागली नाही, जागा त्यांचीच होती.
चिठ्ठीला नाव नव्हतं, कधी सेव्हच केलेली नव्हती:

देठवाल्या
काशी ७.५०
रुख्मा ३
स्टेशनपलीकडची धाकटी (नाव विचारणे) ४.५०

अशा नऊ ओळी. रोजच्या ठेवीतले सुटे,
पावती दहाच्या पटीतच निघते म्हणून
पावतीबाहेर राहिलेले.

सेव्ह केलं. कागदावरही उतरवलं,
सेव्हवर माझाही तेवढा विश्वास नाही.
मग स्टार्ट, मग लॉग ऑफ,
जे सतरा वर्षांत त्या नावानं कधी झालं नव्हतं.
स्क्रीन म्हणाली, सेटिंग्ज जतन करत आहे,
आणि जरा जास्तच वेळ म्हणत राहिली.
शिंदखेडा आत.

तुटलेल्यांना किती वेळ ठेवायचं, असा एक रकाना असतो.
मी एक तास टाकला.
खोडून तीन टाकले.
ओके दाबायच्या आधी शिंक आली.

खाली ताडपत्रीवर बाया देठ खुडत होत्या,
तोंडाला पदर, बोटांना गोडेतेल.
कागद काढून विचारलं, काशीबाई कोण?
एकीनं मान वर न करता हात वर केला.
साडेसात रुपये आहेत तुमचे, म्हटलं, संस्थेत, सुटे.
"माले माहीत शे," ती म्हणाली,
"नानानी सांगेल शे,"
आणि पुढची मिरची उचलली.