अकरा मिलिमीटर

साखरतरच्या खाडीकाठी माझ्या बावानं
ज्या छपराखाली होड्या बांधल्या,
तिथंच मी ठोकलेल्या गाड्या सरळ करतो.
आडनाव होडेकर, बोर्डावर डेंटिंग-पेंटिंग.

तुमची गाडी, मयेकर, उभी झकास राहते.
बंपर बदलला, बॉनेट ठोकलं, पांढरा हात मारला,
की निवळीच्या घाटातला तो डंपर
कुणाला आठवायचाही नाही.
तुम्ही हेच सांगायला आलात. ऐकलं मी.

जरा टेपचं हे टोक धरा.
ह्या भोकापासून त्या भोकापर्यंत, तिरकं.
आता उलटं तिरकं.
शाळेत याला कर्ण म्हणायचे.
बावा सुतळीनं हेच बघायचा,
नाळेच्या खिळ्यापासून दोन्ही अंगांच्या वांकांपर्यंत.
म्हणायचा, सुतळीला भीडभाड नसते.

अकरा मिलिमीटरचा फरक.
करंगळीच्या नखाएवढा.
हायवेवर शंभरच्या वेगात
तो स्टेअरिंगला आधी कळतो, तुम्हाला उशिरा.

आणि हा दाराचा खांब.
गॅसचा जाळ द्या म्हणता, लाल झाला की दोन घण.
दिलाय मी एकदा. गावखडीच्या मास्तरांची गाडी.
दिसायला देखणी झाली.
ह्या पोलादाचा जीव जाळात जातो
हे मला कंपनीच्या पुस्तकात सापडलं
मास्तर दुसऱ्यांदा धडकल्यावर.
आता काठी घेऊन चालतात. ईदला येतात,
शिरखुर्मा पितात, त्या गाडीचं नाव काढत नाहीत.

म्हणून खांब कापायचा, पुस्तकात रेघ आहे तिथंच.
नवा कोल्हापूरहून येईल.
त्याआधी गाडी साखळ्यांनी बाकाला जखडून
ओढायची, सोडायची, मोजायची.
लोखंड हट्टी, सोडलं की थोडं मागं सरकतं.
एअरबॅगचा दिवा पेटलाय, त्यावर चिकटपट्टी लावायची नाही.
आणि जोडाच्या पोकळीत, जिथं कुणी बघत नाही, मेण भरायचं;
नाहीतर इथली खारी हवा
आतून खात राहते, वर रंग चकचकीत.

खर्च तिप्पट. महिना जाईल.
तरी मापात नाही आली
तर भंगारात घाला, असं मीच सांगेन.

मयेकर टेपचं टोक धरून उभेच.
खाडीला ओहोटी लागलेली.
मागच्या सीटखाली, काचेच्या चुऱ्यात,
कुणाचातरी कोनमापक.

पुन्हा एकदा मोजा, म्हणतात.
मोजतो.
अकराच.