गाडी लावते

शिरोलीच्या कारखान्यात त्या रात्री
एक ट्रक फाटकाच्या आतच राहिला,
बेचाळीस पंपांची कास्टिंगं पोटात घेऊन,
ताडपत्री बांधलेली, कागद तयार.
गडहिंग्लजचं गिऱ्हाईक वाट बघून घरी गेलं.
ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. म्हणाला,
जा म्हणून सांगितलं कुणी?

चूक एजंटची नव्हती.
चूक माझी, दोन शब्दांची.
त्याच्या हाताशी जी साधनं दिली होती
त्यांतल्या एकाखाली मीच लिहिलं होतं:
'गाडी लावते.'

आमच्याकडं लावणं म्हणजे पाठवणं.
माल लावून द्या, पोराला लावून द्या,
आजऱ्याहून काजू लावून दिलेत, मिळाले का?
पण तो आमच्याकडचा नाही.
त्यानं वाचलेल्या मराठीत गाडी लावणं म्हणजे
जागा बघून उभी करणं.
त्यानं ती उभी केली. व्यवस्थित.
वर मला कळवलंही: गाडी लावली.
मी ते वाचलं
आणि निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी त्या क्रियापदाकडं बघत बसले.
दिवा लावतात, दार लावतात, भात लावतात,
पोरगी बापाचं नाव लावते, बाप जीव लावतो,
कुणी बोल लावतं,
आणि हे सगळं जमलं नाही की वाट लावतात.
एवढ्या दारांच्या घरात
मी एका परक्याला सोडून आले होते,
आत जा म्हणाले होते, कळेल.

डिस्पॅचला दस्तगीर मुजावर, एकतीस वर्षं.
त्यांना कुणी कधी काही लिहून दिलं नाही.
मालकांनी लांबून हात उडवला की
त्यांना समजायचं कुठली गाडी, कुठला घाट,
आणि पैसे आधी की नंतर.
मी नवा मजकूर त्यांना वाचून दाखवला:
'माल भरलेला ट्रक आवारातून गिऱ्हाइकाकडे रवाना करते.'

चाचा सुपारी कातरत होते.
आनि रिकामा असंल तर?
लिहिलं: रिकाम्या गाडीसाठी वापरू नये.
वडगाव म्हनला, तर कुठलं वडगाव?
लिहिलं: नुसतं गाव पुरत नाही, तालुका द्यावा.
नंबर चुकला तर गप बसतंय का सांगतंय?
लिहिलं: क्रमांक सापडला नाही तर तसं सांगते,
जवळपासचा धरून चालत नाही.
नुसती उभी करायची असंल तर?
त्याला दुसरं साधन आहे, म्हटलं. तेही नावानिशी लिहिलं.
अडकित्ता थांबला.
आनि गेलेली गाडी परत बोलवाय येती ह्येला?
नाही येत.
मग ते पयलं लिही की पोरी. वर.

सात ओळी झाल्या.
एकही ओळ देखणी नाही.
कॉलेजात मी कविता करायचे,
एका शब्दातून चार अर्थ निघाले की टाळ्या पडायच्या.
इथं दुसरा निघाला
की ट्रक उभा.

त्या रात्री गडहिंग्लजची गाडी
नऊ वाजून वीस मिनिटांनी फाटकाबाहेर पडली.
मी तरी जागीच होते.
चाचा पडद्यावरच्या सात ओळी बोटानं मोजत म्हणाले,
मला येवढं कुनी सांगितलं असतं
तर पयल्या सालात तीन गाड्या चुकल्या नसत्या.
मग हसले. एक तर पार बेळगावला गेलती.
तक्रार नव्हती त्यात.
निदान मला ऐकू आली नाही,
आणि मी विचारलंही नाही
की स्वतःचं एकतीस वर्षांचं शहाणपण
असं सात ओळींत उतरताना बघून कसं वाटतं.

चहा आला तसे ते उठले,
खिशात किल्ली चाचपली,
थांब जरा, म्हणाले, गाडी लावून येतो.

माझी बोटं कळांवर तशीच राहिली.
खिडकीतून बघितलं,
त्यांची जुनी स्कूटर उन्हात होती,
आणि ते तिला ढकलत
सावलीकडं नेत होते,
का फाटकाकडं,
इथनं नीट दिसत नव्हतं.